उपरण्याखालचा सौदा

आमच्या अप्पांचा आवाज मला आठवत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको. मी अगदी लहान होते तेव्हा त्यांच्या घशात गाठ झाली, मिरजेच्या डॉक्टरांनी ती कापून काढली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. जीव वाचला म्हणून आईनं बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, जाऊन अभिषेक केला म्हणे. आवाजाबद्दल तिनं कुणाजवळ ब्र काढला नाही. अप्पांनी तोंड उघडलं की आतून नुसती हवा यायची. ऐकायला मात्र त्यांना सगळं यायचं, माझ्यापेक्षा चांगलं.

लोकांना वाटे, मुका माणूस, धंदा कसला करणार? अहो, सांगलीच्या हळद बाजारात मुक्याइतका सोयीचा माणूस नव्हता! अप्पा दलाल होते. त्या काळी हळदीचा भाव कुणी तोंडानं बोलतच नसे. ढिगापाशी खरेदीदार उभे राहायचे, दलाल एकेकाजवळ जायचा, त्याच्या हातावर आपलं उपरणं टाकायचा आणि उपरण्याखाली दोघांची बोटं बोलायची. कुठलं बोट धरलं, किती धरली, कुठल्या पेरावर दाबलं, यावर भाव ठरायचा. बाजारात याला हत्ता म्हणत. शेजारी उभ्या असलेल्यालाही भाव कळत नसे. आणि शेवटी पुरा पंजा आवळून कचकन दाबला की सौदा पक्का. तो दाब पडला की मग देवसुद्धा सौदा मोडू शकत नव्हता. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही, तरी हातावरचा शब्द कुणी फिरवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

याची आणखी एक रीत होती, ती इथंच सांगते, कारण पुढं तिनंच आमचा घात केला. सौदा पक्का झाला की खरेदीदारानं हात हिसडून काढायचा आणि मोठ्यानं ओरडायचं, "हट्! असल्या भावात कोण घेतंय? जावा, जावा!" तोंड वाकडं करायचं, दलालाला चार शिव्या घालायच्या. कशाला? तर बाकीच्यांना वाटावं की सौदा फिसकटला, आणि भावाचा अंदाज लागू नये. जितका सौदा चांगला, तितका आरडाओरडा जास्त. लहानपणी अप्पांचा डबा घेऊन मी बाजारात जायची तेव्हा शिव्या ऐकून मला रडू यायचं. अप्पा मला पोत्यावर बसवून डोळा मिचकवायचे. लबाड कुठले!

घरीही आम्ही तसंच बोलायचो. आई पदराखाली हात घ्यायची, मी अप्पांच्या उपरण्याखाली. भावाच्या बोटांना आम्ही आमचे अर्थ लावले होते. करंगळी ओढली की भूक, मधलं बोट दाबलं की "गप बस, पाहुणे आहेत", तळव्यावर बोट फिरवलं की लाड. पंजा आवळला की वचन. माझ्या लग्नाच्या दिवशी साताऱ्याच्या मोटारीत बसताना त्यांनी माझा पंजा इतका आवळला की बांगडी पिचली. म्हणजे येणार, भेटायला नक्की येणार.

आई गेल्यावर ते सांगलीत एकटे राहिले. जावयाच्या घरी कायमचं राहायचं नाही हा त्यांचा हट्ट. बरं, हट्ट तरी कसा म्हणू? बाजाराबाहेर त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलंच नव्हतं. गल्लीतले लोक त्यांच्याकडं बघून मोठमोठ्यानं बोलायचे, जसे काही ते बहिरेच! बाजारात मात्र ते इतरांसारखे होते. कुणापेक्षा कमी नाहीत, वेगळे नाहीत. दिवसभर वीस माणसांशी गप्पा मारून दमून घरी यावं, तसे ते यायचे.

संस्थान विलीन झालं आणि नवे कायदे यायला लागले. एके दिवशी आमच्या यांनी दुकानातून वर्तमानपत्र आणलं आणि माझ्यापुढं टाकलं. कायदेमंडळापुढं बिल आलं होतं. बाजारात धंदा करणाऱ्या प्रत्येकानं परवाना काढायचा, अडत्यानं, दलालानं, तोलणाऱ्यानं, सगळ्यांनी. आणि भाव उपरण्याखाली ठरवायचा नाही. ढिगापाशी उभं राहून दलालानं चारचौघांत मोठ्यानं पुकारायचा. जो पुकारणार नाही, त्याला परवाना नाही.

मी ते परत परत वाचलं.

"मेंबरांची समिती गावोगाव जाऊन लोकांचं ऐकून घेणार आहे. साताऱ्याला पण येणार," हे म्हणाले. "अप्पांना बोलवून घे. त्यांच्या वतीनं तू बोल."

"मी? त्या सगळ्या टोप्यांपुढं?"

"मग काय ते बोलणार आहेत?" म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

अप्पा आले, सातारा रोडपर्यंत गाडीनं आणि तिथून मोटारीनं. धुतलेलं धोतर, काळी टोपी, खांद्यावर ते हळदीनं पिवळं पडलेलं उपरणं. मी म्हटलं, "अप्पा, दुसरं नवं आणायचं होतं की!" त्यांनी उपरण्यावर हात ठेवला आणि मान हलवली. सूर्य मावळायच्या आत चार घास खाल्ले, आणि उपरण्याखाली माझा हात घेऊन विचारलं, काय होणार? मी म्हटलं, सांगू त्यांना नीट. ती पण माणसंच आहेत.

सुनावणी एका शाळेच्या मोठ्या खोलीत होती. बाकं भिंतीला सारलेली, समोर टेबलामागं मेंबर बसलेले. मधोमध अध्यक्ष, पिकल्या केसांचे वकील, चष्मा, खादीची टोपी. चेहरा प्रेमळ होता हो, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी एकट्या बाजाराची नाही, सगळ्याच धंद्यांच्या परवान्यांची सुनावणी होती. आमच्या आधी एक वैद्य उठले, त्यांनी परवान्याला विरोध करताना पार ऋषिमुनींपासून सुरुवात केली. मग वजनं-मापं विकणारे. मग दात काढणारा एकजण, तो तर थांबेचना. एक मेंबर बसल्याबसल्या डुलकी घेत होते. मी अप्पांकडं बघत होते. ज्यांना आवाज होता ते सगळे पोटभर बोलत होते, आणि कुणाचंच काही जाणार नव्हतं.

हळदीच्या बाजाराचा पुकारा झाला तेव्हा पहिल्यांदा कराडकडचा एक शेतकरी उठला. लढाईवरून आलेला असावा, अंगात पलटणीचा जुना कोट होता. म्हणाला, "सायेब, हळद लावायची म्या, शिजवायची म्या, वाळवायची म्या, आन भाव मातुर फडक्याखाली! माज्या मालाचा भाव मलाच ठावं न्हाई. दलाल सांगंल ते खरं. ह्ये काय न्याव झाला व्हय? लय सोसलं. आता उघड्यावर बोला म्हनावं."

सगळ्या खोलीनं माना डोलवल्या. मला त्याचा राग आला, आणि राग यावा असं तो एक अक्षर बोलला नव्हता. उपरण्याखाली शेतकऱ्याला लुबाडणारे दलाल होतेच. अप्पांनी कधीच लबाडी केली नाही असं मी छातीठोकपणे सांगते का? नाही सांगत. त्या उपरण्याखाली माझा हात नव्हता. एवढंच म्हणते की शेतकरी त्यांना शोधत यायचे, त्यांच्याच हातून हळद विकायची म्हणून खोळंबून बसायचे.

मग आमचं नाव घेतलं. मी उभी राहिले. म्हटलं, "हे माझे वडील. यांना आवाज नाही. सारा जन्म यांनी हातावर धंदा केला. भाव पुकारा म्हटलं तर हे काय करणार? उपरणं बंद करा, माझी ना नाही. पण यांच्यासारख्याला काहीतरी सोय ठेवा."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, कळतंय मला. पुकारायला दुसरा माणूस ठेवा की."

"दुसराच सगळं बोलायला लागला तर हे कशाला हवेत मग?"

"कायदा एका माणसाकडं बघून करता येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले, आणि अप्पांकडं वळले. "तुम्हांला काही सांगायचंय का?"

अरे देवा! मुक्या माणसाला विचारतात, काही सांगायचंय का! पण अप्पांना तो प्रश्न वेडगळ वाटला नाही. तोवर त्या खोलीत कुणी त्यांना काही विचारलंच नव्हतं. ते ताठ उठले, टेबलापाशी गेले. मी "अप्पा!" म्हणेपर्यंत त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, अध्यक्षांच्या उजव्या हातावर टाकलं आणि आपला हात खाली घातला.

डुलकी घेणारे मेंबर जागे झाले. पिवळ्या उपरण्याखाली अप्पांचा हात हलताना मला दिसत होता. ते काय सांगत होते ते मला जन्माच्या सवयीनं, नुसत्या हात हलण्यावरून, लांबूनही वाचता येत होतं. करंगळी ओढली, भूक. तळव्यावर बोट फिरवलं. मग आईच्या आजारपणातली बोटं, मग माझी. आम्ही घरी बोलायचो ते सगळं ते त्या परक्या माणसाच्या हातावर सांगत होते. बाजारातलं एक बोटसुद्धा त्यात नव्हतं.

अध्यक्ष आधी गोंधळले. मग त्यांच्या ध्यानात आलं की शंभर माणसांदेखत एक दलाल आपला हात फडक्याखाली धरून बसलाय. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी दचकून मूठ आवळली आणि हात हिसडून काढला.

"हट्! काय समजलात काय मला?" ते ओरडले. "चारचौघांत लाच देता? जा, बाहेर व्हा! न्या रे यांना!"

"बगा सायेब, बगा!" तो शेतकरी उठून ओरडला. "ह्येच त्ये! ह्येच बंद करा म्हंतोय आमी!" सगळी खोली खो खो हसली. शिपायानं अप्पांच्या दंडाला धरलं. मी काय बोलले मला आठवत नाही, कुणी ऐकलंही नसेल. उपरणं खाली पडलं होतं, ते मी उचललं.

बाहेर आले तर अप्पांचा चेहरा फुललेला! त्यांनी माझ्या हातातून उपरणं ओढून घेतलं, त्याखाली माझा हात धरला आणि पुरा पंजा आवळून कचकन दाबला. सौदा पक्का.

मला क्षणभर कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. त्या माणसानं दचकून मूठ आवळली होती. मग हात हिसडला होता. मग आरडाओरडा, शिव्या, "जा, बाहेर व्हा!" पक्क्या सौद्यात जे जे होतं ते ते त्याच क्रमानं झालं होतं. अप्पांना वाटलं, एवढा मोठा माणूस, चारचौघांत कसं कबूल करणार? म्हणून ओरडला. जितका सौदा चांगला, तितका आरडाओरडा जास्त.

"अप्पा, नाही हो! तो खराच चिडला होता. त्याला वाटलं तुम्ही पैसे देताय."

त्यांनी मला डोळा मिचकावला. अगदी तस्सा, मी पोत्यावर बसून रडायची तेव्हा मिचकवायचे तसा. मोती चौकात गेले, कंदी पेढे घेतले, जावयाच्या हातावर एक ठेवला, माझ्या तोंडात एक कोंबला. तो पेढा मला गिळवेना. हे म्हणाले, "असू दे गं, आजचा दिवस राहू दे खुशीत." मला नाही जमलं. मी घरी सांगितलं, जेवताना सांगितलं, मोटारीत बसवताना परत सांगितलं. ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. तुला बाजार काय कळतो, पोरी!

पुढचे महिने कसे गेले ते मीच जाणते. बिल मंजूर झालं, एका काडीचा फरक न होता. सांगलीतल्या बाकीच्या दलालांनी धावपळ करून परवाने काढले. अप्पांच्याच हाताखाली शिकलेला एक तरुण दलाल होता, भला पोरगा. तो त्यांच्या घरी आला आणि म्हणाला, "अप्पा, आपण भागीत करू. मी पुकारतो, तुमी माल पारखा. परवाना माझ्या नावावर काढू." अप्पांनी हसून त्याला नाही म्हटलं आणि आपली आवळलेली मूठ दाखवली. माझा सौदा वर झालाय, म्हणून. त्यानं मला कळवलं तशी मी सांगलीला धावले. भांडले त्यांच्याशी, तोंडाला येईल ते बोलले. "त्या माणसाला तुमचं एक बोट समजलं नाही, अप्पा! एक बोट नाही!" म्हटलं. ते रागावले. पंजा आवळून माझ्या डोळ्यांपुढं नाचवला. हातावरचा शब्द कुणी फिरवतं का? त्या पोरानं महिनाभर वाट पाहिली, मग दुसरा भागीदार धरला. त्याला तरी काय म्हणायचं?

उघड्या पुकाऱ्याचा पहिला दिवस उजाडला तेव्हा मी सांगलीतच होते, मुद्दाम थांबले होते. अप्पा पहाटे उठले, अंघोळ केली, बस्तीत जाऊन आले. मी म्हटलं, नका जाऊ. ते निघाले, तशी मीही मागून निघाले.

बाजाराच्या दाराशी कारकून बसला होता, आत जाणाऱ्याचा परवाना बघत होता. अप्पा त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. त्यानं ओळखलं. हलकेच म्हणाला, "अप्पा, परवाना?"

अप्पांनी मूठ आवळून दाखवली.

कारकून माझ्याकडं बघायला लागला. मी काय सांगू? मागं माणसं खोळंबली. कुणीतरी हसलं, दुसऱ्यानं त्याला गप्प केलं, आणि ते गप्प करणं जास्त लागलं. तेवढ्यात आत पहिला पुकारा सुरू झाला. तोच तरुण दलाल ढिगावर उभा राहून मोठ्या खणखणीत आवाजात भाव सांगत होता, आणि खरेदीदार हात वर करून ओरडत होते. शेतकरी तोंडं उघडी टाकून ऐकत होते, आपल्या मालाचा भाव जन्मात पहिल्यांदा कानांनी ऐकत होते. आत एकाच्याही खांद्यावर उपरणं नव्हतं. अप्पा ते बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं. हवा आली.

मग त्यांची मूठ सैल पडली. मी बघत होते ना, एकेक बोट सुटत गेलं.

घरी येताना वाटेत मी माझा पदर त्यांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांचा हात धरला. तळव्यावर बोट फिरवलं. करंगळी ओढली. काही नाही. पंजा आवळला. तरी नाही. म्हटलं, अप्पा, माझ्याशी तरी बोला! मी काय केलंय? भर रस्त्यात रडले मी.

नंतर शेतकऱ्यांना भाव चांगला मिळायला लागला म्हणतात. मिळाला असेल. मिळायलाच हवा होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या बापाचं काय झालं हे त्या कायद्याच्या कुठल्या कलमात लिहिलंय? ते अध्यक्ष घरी जाऊन हात धुऊन जेवले असतील. आपण कुणाला काही कबूल करून आलोय हे त्यांना मरेपर्यंत कळलं नसेल.

शेवटी मीच अप्पांना साताऱ्याला आणलं. जावयाच्या घरी राहायचं नाही हा हट्टसुद्धा त्यांनी धरला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. ते खिडकीशी बसून असायचे. खाल्लं तर खाल्लं, नाही तर नाही. माझी मुलं त्यांच्या मांडीवर खेळायची, त्यांचे हात ओढायची, बोटं मोजायची. ते मोजू द्यायचे. मी रोज एकदा उपरण्याखाली हात घालून बघायची. पुढं पुढं मुलांसमोर लाज वाटायला लागली, तरी घालायची.

ते गेले त्या दिवशी बायका मला मागं ओढत होत्या. त्यांच्या अंगावर तेच पिवळं उपरणं घातलं होतं. मी खाली हात घालून त्यांचा हात धरला आणि पंजा आवळला. हात तेवढा गार होता. बाकी त्यात काही फरक नव्हता, गेली कित्येक वर्षं तो असाच होता.